तुम्ही विचारलंत म्हणून: वाट बदलली की आधीची वर्षं वाया जातात का?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. विद्यार्थी विचारतात, ‘तीन वर्षं एका विषयात घातली, मन दुसरीकडेच आहे, आता वळू का?’ पालक विचारतात, ‘म्हणजे ही तीन वर्षं पाण्यातच गेली का?’ आणि दोघांकडेही तीच नावं तयार असतात. बिल गेट्स यांनी कॉलेज सोडलं. एडवर्ड विटन इतिहास शिकले आणि भौतिकशास्त्रज्ञ झाले. वेंकी रामकृष्णन यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, नोबेल रसायनशास्त्राचं. मी ‘जा’ म्हटलं तर पालक दुखावतात, ‘थांब’ म्हटलं तर मुलं. काहीच म्हटलं नाही तर मी उत्तर टाळते असं दोघांनाही वाटतं.

मी टाळत नाही. चरित्र सांगताना मधली वर्षं गाळली जातात आणि वाट बदलण्याची किंमत नेमकी त्याच वर्षांत चुकवलेली असते, एवढंच माझं म्हणणं आहे. तेव्हा तुमचीच नावं घेऊ.

गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं, तेव्हा ते सात वर्षं प्रोग्रॅमिंग करत होते. शाळेत संगणकाचं टर्मिनल आलं ते १९६८ मध्ये, त्यांच्या तेराव्या वर्षी. शिवाय त्यांनी रजा घेतली होती, म्हणजे धंदा बसला असता तर परत वर्गात जाऊन बसता आलं असतं. विटन यांनी १९७१ मध्ये इतिहासात पदवी घेतली, थोडा काळ अर्थशास्त्र करून पाहिलं, १९७३ मध्ये उपयोजित गणितासाठी प्रिन्स्टनला गेले, तिथून भौतिकशास्त्राकडे वळले आणि १९७६ मध्ये पीएचडी झाले. १९९० मध्ये त्यांना गणिताचं फील्ड्स पदक मिळालं. हे सगळं खरं आहे. पण त्यांचे वडील लुई विटन हे सापेक्षतेवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट कुणी सांगत नाही. विटन यांची बुद्धी त्यामुळे तसूभरही कमी ठरत नाही. पण ज्या घरात या विषयाचं वारंही लागलेलं नाही तिथल्या मुलाला हे उदाहरण द्यायचं असेल, तर ही माहिती लपवून देऊ नये.

आता रामकृष्णन. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण वळण घेणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, हे या एका आयुष्यात अगदी स्पष्ट दिसतं.

१९७१ मध्ये बडोद्याहून भौतिकशास्त्राची पदवी, १९७६ मध्ये अमेरिकेत ओहायो विद्यापीठातून पीएचडी. वय चोवीस, लग्न झालेलं, घरात दोन लहान मुलं. प्रबंध पूर्ण होता होता त्यांच्या लक्षात आलं होतं की या विषयात आपलं मन नाही. विज्ञानाच्या मासिकांत जीवशास्त्रातल्या नव्या शोधांविषयी सतत येत होतं आणि ते त्यांना खेचत होतं. अशा वेळी सोपा मार्ग कुठला? आहे त्याच विषयात नोकरी धरायची आणि जीवशास्त्र हौस म्हणून वाचायचं. त्याऐवजी त्यांनी विद्यापीठांना पत्रं लिहिली की मला पुन्हा विद्यार्थी व्हायचंय. एक पीएचडी हातात असलेल्याला दुसऱ्यांदा विद्यार्थी म्हणून घ्यायला बरीच विद्यापीठं तयार नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने घेतलं. तिथे हा पीएचडी झालेला माणूस पदवीच्या मुलांसोबत आनुवंशशास्त्राच्या आणि जीवरसायनशास्त्राच्या वर्गात बसला. दोन वर्षं. नावामागे ‘डॉक्टर’ आणि मिळकत विद्यार्थ्याची.

ही दोन वर्षं चरित्राच्या एका ओळीत संपतात. पण ‘वाट बदलली’ म्हणतात ते हेच. वरच्या पायरीवरून खाली उतरायचं आणि आपल्याहून लहान मुलांसोबत पहिल्यापासून शिकायचं.

पुढचं नीट वाचा. दुसरी पीएचडी त्यांनी पूर्ण केलीच नाही. हवं होतं तेवढं जीवशास्त्र अंगी लागलं, तेव्हा पुन्हा पदवीची गरज उरली नाही. रायबोसोमवरचा, म्हणजे पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेवरचा, एक लेख त्यांनी वाचला होता. त्याच्या दोन लेखकांपैकी एकाला त्यांनी पत्र लिहिलं, ते पत्र दुसऱ्याकडे पोचलं, आणि १९७८ मध्ये ते येल विद्यापीठात पीटर मूर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. काम असं होतं: रायबोसोमचे दोन भाग असतात, एक मोठा आणि एक लहान; लहान भागात जिवाणूंमध्ये एकवीस प्रथिनं असतात, ती एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे ठरवायचं. त्यासाठी दोन-दोन प्रथिनांमध्ये साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन घालायचा, न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि तो कसा विखुरतो त्यावरून त्या जोडीतलं अंतर काढायचं. अशी पुरेशी अंतरं जमली की नकाशा उभा राहतो. या कामाला न्यूट्रॉनचं विकिरण समजणारा माणूस हवा होता. जुनं भौतिकशास्त्र इथे कामी आलं.

इथे गोष्ट संपली असती तर ‘बघा, काहीच वाया जात नाही’ म्हणता आलं असतं. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. पण येलनंतर त्यांनी जवळपास पन्नास ठिकाणी प्राध्यापकपदासाठी अर्ज केले आणि एकाही ठिकाणी जागा मिळाली नाही. भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी ते जीवशास्त्रात गेलेले, जीवशास्त्रज्ञांच्या लेखी फारशा न चालणाऱ्या तंत्रात अडकलेले. वळणाऱ्या माणसाला हा धोका हमखास असतो: निवड समितीत त्याला आपला म्हणणारा कुणी नसतो. मग राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या नोकऱ्या, आधी ओक रिज, १९८३ पासून ब्रुकहेवन. तिथे त्यांना उमगलं की न्यूट्रॉनच्या तंत्राने आता फार पुढे जाता येणार नाही, रेणूंचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण सोडून रचना काढायला शिकावं लागेल. म्हणून १९९१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते केंब्रिजला वर्षभर ते तंत्र शिकायला गेले. पुन्हा विद्यार्थी. रायबोसोमच्या लहान भागाची अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध झाली २००० मध्ये आणि नोबेल मिळालं २००९ मध्ये. विद्यार्थी म्हणून वर्गात बसल्यापासून रचना हाती येईपर्यंत चोवीस वर्षं गेली.

मग वाया काय गेलं? स्पष्ट सांगते: प्रबंधाचा विषय वाया गेला. पहिल्या पीएचडीत ज्या स्फटिकांच्या सिद्धान्तावर काम केलं, त्याचा पुढे उपयोग झाला नाही. टिकली ती गणिताची सवय, मोजमापाची शिस्त, आणि एखादं समीकरण बघून न घाबरणं. ‘सगळंच उपयोगी पडतं’ हे दिलाशाचं वाक्य आहे आणि ते ऐकून लोक हिशेब करायचं टाळतात. विषय जातो, हत्यार राहतं. तुमच्याकडे हत्यार आहे की फक्त विषय आहे, हे आधी तपासायला हवं.

हत्यार सोबत नेणं म्हणजे काय, ते बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दा. ध. कोसंबी यांच्याकडे बघून कळतं. ते हार्वर्डचे १९२९ चे पदवीधर, गणिताचे प्राध्यापक. संख्याशास्त्र स्वतःच्या बळावर शिकताना खऱ्या जगातला एखादा प्रश्न हवा म्हणून त्यांनी चांदीची आहत, म्हणजे ठसे मारून केलेली प्राचीन नाणी तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एका नाण्याची झीज कमीजास्त असू शकते, पण टाकसाळीतून निघताना वजनाचं प्रमाण एकच असेल, तर शेकडो नाण्यांची सरासरी वापराच्या काळाबरोबर नियमाने घटते आणि वजनांमधली तफावत वाढत जाते. म्हणजे एकाच साठ्यातल्या नाण्यांचे गट करून तराजूवर ठेवले, तर कुठला गट आधीचा आणि कुठला नंतरचा, हे लेखी पुरावा नसतानाही सांगता येतं. मग पुढचा प्रश्न: ही नाणी पाडली कुणी? त्या उत्तरासाठी जुने ग्रंथ, समाज, शेती, व्यापार असं करत ते इतिहासात शिरले. गणित त्यांनी सोडलं नाही; १९४४ मध्ये जनुकांमधली अंतरं मोजण्याचं त्यांनी दिलेलं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

जॉन गुडइनफ यांचंही तसंच. पदवी गणिताची, युद्धकाळात सैन्यात हवामानाचं काम, १९५२ मध्ये भौतिकशास्त्राची पीएचडी, मग संगणकाच्या स्मृतीसाठी चुंबकीय ऑक्साइडवर वर्षानुवर्षं काम. पन्नाशी ओलांडल्यावर, १९७६ मध्ये, ऑक्सफर्डला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. लिथियम बॅटरीत तेव्हा सल्फाइड वापरून दोन व्होल्टच्या थोडं वर मिळत होतं. ऑक्साइड त्यांच्या हाताखालून गेलेले असल्याने तिथे जास्त विद्युतदाब मिळेल हे त्यांना दिसलं, आणि १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडने चार व्होल्ट दिले. २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते.

आता तुमच्याकडे वळते. जायचं असेल त्या विषयाचं पहिल्या वर्षाचं प्रमाण पाठ्यपुस्तक घ्या आणि पहिल्या तीन प्रकरणांखालची उदाहरणं सोडवा. वाचू नका, सोडवा. व्हिडिओ आणि लेख यांतून विषयाच्या गोष्टी आवडतात, विषयाचं रोजचं काम उदाहरणांत असतं. तिथे कंटाळा आला तर तुम्हाला त्या विषयाबद्दल ऐकायला आवडतं, एवढाच अर्थ काढा. फ्रान्सिस क्रिक यांची कसोटी होती की आपण गप्पा कशाबद्दल मारतो ते बघावं, खरी आवड तिथे असते. विषय निवडायला ती चांगली आहे. पण त्यानंतर आधी भौतिकशास्त्र शिकलेल्या क्रिक यांनीही १९४७ पासून, एकतिशीत, पेशी हाताळायला आणि मग क्ष-किरणांचं तंत्र शिकायला सुरुवात केली. डीएनएची रचना १९५३ मध्ये मांडली, तेव्हाही त्यांची पीएचडी व्हायची होती.

मग पैसा. हा विषय निघाला की मी स्वप्नं मोडते असं म्हणतात. मी उलट सांगते: महिन्याचा खर्च लिहा, त्याला चोवीसने, म्हणजे दोन वर्षांच्या महिन्यांनी, गुणा, तो कुठून येणार ते शेजारी लिहा. विद्यावेतन, साठवण, जोडीदाराचा पगार, वडिलांची मदत, काहीही असो, पण कागदावर असो. डार्विन यांनी वैद्यक अर्धवट सोडलं, पाद्री होण्यासाठी केंब्रिजला गेले आणि १८३१ मध्ये बीगलवर चढले. या प्रत्येक टप्प्याचा खर्च वडिलांनी उचलला. वाटा मोडून पडतात त्या बहुधा आवड आटल्यामुळे नाही, तर आठव्या-नवव्या महिन्यात पैसे संपल्यामुळे.

राजीनाम्याआधी रजेचा नियम वाचा. रजा लेखी मिळते का, परतायची शेवटची तारीख कोणती, मिळवलेले क्रेडिट किती वर्षं ग्राह्य धरतात, दुसरीकडे चालतात का. या चार उत्तरांशिवाय प्रवेश रद्द करू नका. आणि दार ठोठवायचं पत्र सहा-सात ओळींचं असू द्या: त्यांचं कुठलं काम वाचलंत, त्यातून कोणता प्रश्न पडला, तुम्हाला हाताने काय करता येतं, आणि नेमकं काय हवंय. ‘मला तुमच्या क्षेत्रात खूप रस आहे’ या वाक्याला उत्तर येत नाही, कारण त्यावर वाचणाऱ्याने करायचं काय हेच कळत नाही.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा इथे: माणूस एका परीक्षेपासून पळत असतो आणि त्याला आवड म्हणतो. नव्या विषयातही पहिल्याच वर्षी परीक्षा येते. किंवा जुन्या विषयातला मान त्याला नव्या ठिकाणीही हवा असतो, वर्गात मागच्या बाकावर बसायची तयारी नसते. किंवा छोट्या कोर्सची प्रमाणपत्रं जमा होतात आणि दाखवायला एकही पूर्ण केलेलं काम नसतं.

यावर हुशार मुलं म्हणतात, ‘पण ही सगळी उदाहरणं जिंकलेल्यांचीच आहेत.’ बरोबर आहे. जे वळले आणि हरले त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. म्हणून या नावांवरून यशाची शक्यता काढू नका. वळण कसं घेतलं जातं, तेवढं शिका.

आणि या सगळ्या हिशेबात न बसणारं एक नाव मला सोडवत नाही. कातालिन कारिको. संदेशवाहक आरएनए, म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं ते पेशीला सांगणारा रेणू, यावरचं काम त्यांनी सोडावं अशी सगळी चिन्हं होती. अनुदान मिळत नव्हतं, १९९५ मध्ये विद्यापीठात त्यांची पदावनती झाली. त्या वळल्या नाहीत. ड्र्यू वाइसमन यांच्यासोबतचा निर्णायक शोधनिबंध आला २००५ मध्ये, नोबेल २०२३ मध्ये. पैसा नाही, पद खाली गेलेलं, समितीत आपलं म्हणणारं कुणी नाही. १९९५ मध्ये त्यांनी मला विचारलं असतं, तर वर लिहिलेल्या सगळ्या कसोट्या लावून मी त्यांना वळायला सांगितलं असतं.