तुम्ही विचारलंत म्हणून: १ ऑगस्टला एकाच फळ्यावर दोघं का?

आमच्या चाळीत जिन्याखाली काळा फळा आहे, त्यावर रोजचा दिनविशेष मी लिहितो आणि दरवर्षी १ ऑगस्ट आला की कोणीतरी विचारतंच, अरे लोकमान्यांची पुण्यतिथी नि अण्णा भाऊंची जयंती एकाच चौकटीत कशाला, वेगवेगळं लिही ना. तर सांगतो.

पहिलं म्हणजे नुसती तारीख नाही, सालसुद्धा एकच आहे, १९२०. मध्यरात्र उलटल्यावर टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात वारले आणि त्याच तारखेला तिकडे वाटेगावात, मातंग कुटुंबात अण्णा भाऊ साठे जन्मले. गांधीजींचं असहकार आंदोलनही त्याच दिवशी सुरू झालं, ते मी खाली बारीक अक्षरात लिहितो, जागा उरली तर.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, शिक्षेच्या एकेका वर्षामागे एकेक दिवस. गोळीबार झाला, माणसं गेली. हातावर पोट असलेल्या माणसांनी सहा दिवसांची मजुरी सोडायची म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि पुढे अण्णा भाऊंचे पोवाडे ऐकायला मैदानात मांडी घालून बसली तीही हीच गिरणगावातली माणसं, नाहीतर त्यांची पोरं. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावाहून बापासोबत चालत मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले, शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' आजोबा आंघोळीच्या वेळी म्हणायचे, मोठ्यांदा, शेजारच्या खोल्यांतून साथ यायची.

टिळकांची जातीबद्दलची आणि मुलींच्या शिक्षणाबद्दलची मतं मला अजिबात पटत नाहीत, हेही मी विचारणाऱ्याला तोंडावर सांगतो. पण त्यांच्यासाठी ज्यांनी गिरण्या बंद पाडल्या ती माणसं माझी आहेत, त्यांना मी फळ्यावरून कसा पुसू?

यंदा सकाळपासून धो धो पाऊस, टिळकांच्या अंत्ययात्रेलाही असाच होता म्हणतात. ओलीने खडू धरत नव्हता, वाटेगावचा 'वा' दोनदा गिरवला, तरी दुपारी खालची ओळ वाहून गेली. संध्याकाळी माणसं कामावरून यायच्या आत ती परत लिहून काढली.