९६ तिकिटे आणि ११ समोसे

दसरा-दिवाळीच्या चित्रपटांच्या याद्या टेबलावर येऊ लागल्या की मला २०२४ सालच्या दसऱ्याचा दुपारी सव्वातीनचा खेळ आठवतो. ग्रँट रोडच्या नाझ इमारतीच्या परिसरात ज्याचा जम बसला, अशा एका चित्रपट वितरण कार्यालयात मी चौदा वर्षे काम करतो. कोणत्या चित्रपटगृहात आपला खेळ किती वाजता लागेल यासाठी घासाघीस करायची आणि रोज रात्री येणाऱ्या गल्ल्याच्या आकड्यांवरून पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, हे माझे काम. तो अंदाज त्या दसऱ्याला चुकला. तो का चुकला, याचा विचार मी आजही करतो आहे.

सणासुदीचे दोन महिने म्हणजे चित्रपटवाल्यांची सुगी, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात कामाचे शुक्रवार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. पितृपक्षाचे पंधरा दिवस बरेच निर्माते टाळतात. नवरात्रात बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत गरब्यामुळे रात्रीचे खेळ ओस पडतात. दिवाळीच्या आधीचा आठवडा साफसफाई, फराळ आणि खरेदी यांत जातो, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिकीटबारीवर कोणी फिरकत नाही. पाडवा आणि भाऊबीजेला मात्र सगळे कुटुंब एकत्र बाहेर पडते, पण ते दिवस मोठ्या हिंदी चित्रपटांनी आधीच धरलेले असतात. त्या वर्षी १ नोव्हेंबरला दोन मोठे हिंदी चित्रपट समोरासमोर होते, त्यामुळे छोट्या मराठी चित्रपटाला दिवाळीत जागाच उरली नव्हती.

आमचा चित्रपट तसाच छोटा होता. नावाजलेला चेहरा नाही, गोष्ट मात्र घट्ट विणलेली. निर्माते वाशीच्या घाऊक बाजारात फळांचा व्यापार करणारे गृहस्थ, बाजारात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जूनमध्ये मी त्यांना २० सप्टेंबरचा शुक्रवार सुचवला होता. ते म्हणाले, ‘‘साहेब, पितृपक्षात मी नवा वजनकाटासुद्धा विकत घेत नाही, सिनेमा कसा आणू?’’ त्यांच्या श्रद्धेबद्दल मला बोलायचे नाही, पण धंद्याच्या दृष्टीने हा समज मला पटत नाही, आणि त्या वर्षी तो खोटाही ठरला. पितृपक्षातल्या दोन्ही शुक्रवारी, २० आणि २७ सप्टेंबरला, मोठे मराठी चित्रपट लागले आणि लोक ते पाहायला गेले. शिवाय २० सप्टेंबर हाच पुढे राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून जाहीर झाला आणि देशभर चार हजारांहून अधिक पडद्यांवर ९९ रुपयांत तिकीट मिळाले. अण्णांनी ११ ऑक्टोबर हा दसऱ्याचा आदला दिवस धरला. त्याच शुक्रवारी दोन हिंदी आणि एक मोठा मराठी चित्रपट येणार होता.

प्रसिद्धीसाठी हाताशी फारसे काही नव्हते. मे महिन्यात घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली. त्यानंतर मोठ्या फलकांवर कारवाई झाली, आणि जे उरले त्यांच्यावर विधानसभेच्या तोंडावर नेत्यांचे चेहरे झळकत होते. ट्रेलरला आलेल्या व्ह्यूजवर मी कधीच विसंबत नाही, कारण त्यांतले किती पैसे मोजून आणलेले आहेत हे आम्हाला आत माहीत असते. गुरुवारी, १० ऑक्टोबरला, रतन टाटा यांच्या निधनामुळे राज्यात दुखवटा होता, म्हणून त्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी ठेवलेला खास खेळही आम्ही रद्द केला. तो रद्द करणे योग्यच होते, पण तोंडी प्रसिद्धीची सुरुवात जिथून व्हायची ती जागाही त्याबरोबर गेली.

मग विषय निघाला फीडिंगचा. मल्टिप्लेक्समध्ये एखाद्या खेळाला तिकिटेच गेली नाहीत, तर तो रद्द होतो आणि ती वेळ दुसऱ्या चित्रपटाला मिळते. हे टाळण्यासाठी निर्माता स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे विकत घेतो, याला आमच्याकडे फीडिंग म्हणतात. त्याचा हिशेब फार जणांना ठाऊक नसतो, म्हणून मांडतो. १५० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा केला की सुमारे १२७ रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात त्यातला निम्मा वाटा वितरकामार्फत निर्मात्याकडे येतो, म्हणजे जेमतेम ६३ रुपये. म्हणजे आपणच घेतलेल्या प्रत्येक खुर्चीमागे निर्मात्याच्या खिशातून ८६-८७ रुपये कायमचे जातात, आणि ॲपवरून तिकीट काढले तर सेवाशुल्क वेगळे. २०१७ पर्यंत मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता, तेव्हा हे गणित इतके टोचत नसे. अण्णांनी यासाठी सव्वाचार लाख रुपये बाजूला काढले. ही कल्पना माझी नव्हती, परंतु कोणत्या खेळाला किती तिकिटे घ्यायची ती यादी मी केली आणि तिच्यावर सहीही माझीच आहे.

शनिवारी, दसऱ्याला, शिवाजी पार्क आणि आझाद मैदान या दोन्ही ठिकाणी मेळावे असल्याने संध्याकाळी दादर आणि दक्षिण मुंबईत फिरणे अवघड होते. म्हणून मी दुपारीच ठाण्याकडचे एक मल्टिप्लेक्स गाठले. त्या पडद्याला २१२ खुर्च्या होत्या. सव्वातीनच्या खेळाची ९६ तिकिटे गेलेली दिसत होती आणि त्यांतली ८० आमची होती. खेळ भरल्यासारखा दिसावा म्हणून आमच्या ऑफिसच्या मुलांनी मागच्या आणि मधल्या रांगांतल्या उत्तम जागा घेतल्या होत्या. आत शिरलो तेव्हा त्या सगळ्या जागा मोकळ्या होत्या, आणि खरोखर तिकीट काढून आलेली सोळा माणसे पडद्यापुढच्या तीन रांगांत आणि कडेच्या खुर्च्यांवर माना वर करून बसली होती.

दुसऱ्या रांगेत एक वयस्कर जोडपे होते. बाईंच्या मांडीवर झेंडूची फुले आणि आपट्याची पाने घेतलेली कापडी पिशवी होती, बहुधा बाजारातून त्या थेट आल्या होत्या. काका सारखे मानेवर हात फिरवत होते. बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या मुलाला विचारले, ‘‘बाळा, मागे सगळं मोकळं आहे, आम्ही तिथे बसू का?’’ त्याने नम्रपणे सांगितले, ‘‘नाही काकू, त्या सीट बुक आहेत, लोक आले तर मला बोलणी बसतील.’’ मुलाचे चुकले नव्हते. त्या खुर्च्यांवर कोणीही येणार नाही, हे त्या दालनात फक्त मला माहीत होते, आणि मी गप्प बसलो.

मध्यंतरात मला राहवले नाही. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, ‘‘काकू, तुम्ही मागे बसा, त्या जागा आमच्या ऑफिसच्या आहेत, कोणी येणार नाही.’’ त्या उठल्या, पिशवी सावरली आणि सहज विचारले, ‘‘मग तुमची माणसं का नाही आली? चांगला आहे की सिनेमा.’’ मी उत्तर दिले नाही. त्या वाक्यात खोच नव्हती, त्यांना खरेच कळत नव्हते.

खेळ संपल्यावर तिथल्या व्यवस्थापकाने मला कॅन्टीनजवळ गाठले. आम्ही एकमेकांना बरीच वर्षे ओळखतो. त्यांनी मोबाइलवर मध्यंतराची विक्री दाखवली आणि म्हणाले, ‘‘९६ तिकिटे आणि ११ समोसे. साहेब, मी वर काय कळवू?’’ चित्रपटगृहाची खरी मिळकत खाण्यापिण्यावर असते, त्यामुळे माणशी किती रुपये खर्च झाले हा आकडा ते तिकिटांइतकाच बारकाईने पाहतात. आम्ही फीडिंग करतो आणि ते त्यांना कळत नाही, असे समजणे हा आमच्या धंद्यातला जुना आणि महागडा गैरसमज आहे. सोमवारपासून तो खेळ उतरला.

इथवर नुकसान फक्त पैशांचे होते. खरी चूक मला मंगळवारी रात्री सापडली. कोणते खेळ टिकवायचे याची यादी मी रविवारी रात्री पाठवली होती आणि सवयीप्रमाणे ती विकल्या गेलेल्या तिकिटांच्या क्रमाने लावली होती. त्यात आम्ही पोसलेले खेळ वर गेले आणि डोंबिवलीचा सकाळी साडेनऊचा खेळ पार तळाला गेला. त्या खेळाला शुक्रवारी १२, शनिवारी २३ आणि रविवारी ४१ तिकिटे गेली होती, आणि त्यांतले एकही आम्ही घेतलेले नव्हते. सणाच्या सकाळी साडेनऊला लोक घरातून निघतात आणि तीन दिवसांत आकडा तिपटीहून वर जातो, याला आम्ही चित्रपट चालणे म्हणतो. त्या खेळाला दुपारची वेळ मिळावी म्हणून मी फोन उचलायला हवा होता. मी तो उचलला नाही, कारण माझ्याच भरलेल्या आकड्यांखाली तो मला दिसलाच नाही. सोमवारी डोंबिवलीही उतरली, आणि दुसऱ्या शुक्रवारी मुंबईत आमच्या हाती तीन खेळ राहिले.

मराठी चित्रपटाला चित्रपटगृहे मिळत नाहीत, ही तक्रार मी स्वतः वर्षानुवर्षे करत आलो आहे आणि ती खरीच आहे. मल्टिप्लेक्समध्ये दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी खेळ लावण्याबाबत सरकारने २०१५ मध्ये भूमिका घेतली, तरी आजही सकाळची किंवा रात्री उशिराची वेळ पदरात पडते. पण डोंबिवलीचा तो खेळ कोणा परप्रांतीय चित्रपटाने हिरावला नव्हता, तो माझ्या यादीमुळे गेला होता. अण्णांना मी हे सगळे वाशीला जाऊन सांगितले. ते गाळ्यात मोसंब्यांची पेटी उघडत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘लिलावात आपलाच माणूस बोली वाढवायला उभा केला, की माल शेवटी आपल्याच गळ्यात पडतो. हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे, साहेब. तिथे सिनेमा होता, म्हणून सुचलं नाही.’’ मला त्यांनी दोष दिला नाही, आणि तेच जड गेले.

त्यानंतर मी आकड्यांच्या तक्त्यात दोन रकाने ठेवतो, एक आपण घेतलेल्या तिकिटांचा आणि दुसरा लोकांनी घेतलेल्या, आणि टिकवण्याची यादी फक्त दुसऱ्या रकान्यावरून लावतो. यंदाच्या हंगामातल्या एका नव्या निर्मात्याचे प्रसिद्धीचे अंदाजपत्रक परवा आले. त्यात फलकांच्याही आधी, पहिल्याच ओळीत ‘तिकीट खरेदी’ असे लिहून सहा लाखांची रक्कम घातली आहे. ती ओळ काढून त्या पैशांत पहिल्या तीन दिवसांचे तिकीट स्वस्त ठेवावे, असे मी पेन्सिलीने शेजारी लिहिले आहे. आमच्या कार्यालयाच्या मालकांना ते मान्य नाही. कागद माझ्याच टेबलावर आहे आणि सहीची जागा अजून कोरी आहे.