मक्याचा ब्रोआ

आज घरी पहिल्यांदाच मक्याचा ब्रोआ भाजला, आणि मी भलतीच खूश आहे! उत्तर पोर्तुगालच्या मिन्यू भागातला हा पाव. अमेरिकेतून मका तिकडे पोचला, पावसाळी हवेत छान रुजला आणि शेतकऱ्यांच्या घरातला रोजचा घास झाला.

मला सगळ्यात आवडली ती पीठ भिजवण्याची रीत. मक्याच्या पिठावर उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं, झाकून ठेवायचं. मक्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ही उकड. ज्वारीच्या भाकरीला आपण काढतो तशीच! कोमट झाल्यावर गव्हाचं पीठ, मीठ, यीस्ट घालून मळायचं. गोळ्यावर कोरडं पीठ भुरभुरलं की भाजताना वर भेगा पडतात. त्या पडायलाच हव्यात, ब्रोआची खरी शोभा तीच.

रात्री काल्दू वेर्दसोबत, म्हणजे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांच्या सूपसोबत खाल्ला. कवच कडक, आत दमट, किंचित गोडसर.

पोर्तोजवळच्या आविंतिशचा ब्रोआ मका आणि राय या धान्यांचा, गडद आणि जड, मंद आचेवर कित्येक तास भाजलेला. आता तोच करायचाय. रायचं पीठ कुठे चांगलं मिळतं, कुणी सांगाल का?