तीन टॉवर, सहा फोन: सगळ्यात कमकुवत सिग्नल वर आणताना

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात दोन-तीन टॉवरच्या मधोमध उभं राहिलं की फोनवर काड्या भरपूर दिसतात, तरी व्हिडिओ अडतो. काड्या सिग्नलचा जोर दाखवतात. शेजारच्या टॉवरचा गोंगाट त्यातून वजा होत नाही. अशा वेळी टॉवरांनी आपापले बीम (अँटेनांनी एका दिशेला सोडलेला सिग्नलचा झोत) एकमेकांच्या फोनांना सांभाळून कसे ठरवायचे, हे गणित मी पायथनमध्ये सोडवलं, त्याचा क्रम आणि अडखळायच्या जागा इथे देतो.

मांडणी: तीन टॉवर, प्रत्येकी ४ अँटेना, ४६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल, म्हणजे ४० वॅट), प्रत्येकाकडे दोन फोन. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला थर्मल नॉइज (उष्णतेमुळे असणारा गोंगाट) −१०४ डीबीएम, फोनचा नॉइज फिगर (फोन स्वतः त्यात घालतो ती भर) ९ डीबी, म्हणजे −९५. २ गिगाहर्ट्झला पाथलॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) १२८.१ + ३७.६ लॉग (अंतर किमीत). तिन्ही टॉवरपासून २ किमीवरच्या फोनला, अँटेनाचा १५ डीबीआय गेन (दिशा दिल्याने वाढलेला जोर) धरून, साधारण −७८ डीबीएम मिळतात. नॉइजच्या चांगलं १६-१७ डीबी वर! पण दोन्ही शेजारी तितक्याच जोरात बोलतात, म्हणून एसआयएनआर (आपला सिग्नल भागिले शेजाऱ्यांचा त्रास अधिक नॉइज) −३ डीबी. तिघांनी पॉवर दुप्पट केली तरी तो जागचा हलत नाही. उपाय दिशेतच आहे: डेटा आपल्याच टॉवरने पाठवायचा, पण बीम ठरवताना शेजारच्या फोनला होणारा त्रासही मोजायचा.

ध्येय एकच, सर्वांत कमी एसआयएनआर शक्य तितका वर नेणं. थेट सोडवायला हा प्रश्न कॉन्व्हेक्स (सर्वोत्तम उत्तर खात्रीने सापडेल अशा आकाराचा) नाही. लक्ष्य आधी ठरवून ‘एवढ्या पॉवरमध्ये बसतं का’ असं विचारलं, की तो सेकंड-ऑर्डर कोन प्रोग्रॅम होतो, म्हणजे तयार सॉल्व्हर खात्रीने सोडवतो असा कॉन्व्हेक्स प्रश्न. त्यासाठी प्रत्येक बीमची फेज (लहरीचा कोन) फिरवून आपल्या फोनच्या चॅनलशी (टॉवर ते फोन या वाटेत सिग्नल कसा बदलतो ते सांगणाऱ्या संमिश्र संख्या) त्याचा गुणाकार वास्तव आणि धन करायचा. एसआयएनआर बदलत नाही. मग −१० ते ३० डीबीमध्ये निम्मे-निम्मे करत गेलं की नऊ फेऱ्यांत ०.०८ डीबीपर्यंत पोचतो.

पहिल्या फेरीत सॉल्व्हरने −१० डीबीलाही ‘अशक्य’ म्हटलं. चॅनलची पॉवर १०⁻¹² च्या घरात, सॉल्व्हरच्या सहनशीलतेखाली बुडालेली. प्रत्येक चॅनलला नॉइजच्या वर्गमुळाने भागल्यावर ते सुटलं. कॉन्जुगेट (संमिश्र संख्येच्या काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं करणं) विसरण्याची चूक जास्त घातक, कारण उत्तर येतं आणि बरोबर वाटतं. म्हणून मिळालेल्या बीमवरून एसआयएनआर वेगळा मोजून पाहावाच. आणि नुसतं हो-नाही न विचारता टॉवरच्या मर्यादेच्या किती पट पॉवर लागते तो आकडा किमान करावा. १ च्या आत आला तर बसलं. काठावर सॉल्व्हर गोंधळत नाही.

खरी अडचण अँटेनांच्या संख्येत आहे. एका फोनसाठी बीम करताना बाकी पाच फोन वाचवायचे असतात, आणि ४ अँटेना तीनच दिशांना पूर्ण शून्य (जिकडे सिग्नल अजिबात जात नाही) देऊ शकतात. इथे पॉवर वाढवून ठरावीक पातळीच्या वर जाता येत नाही. ८ अँटेना घेतल्यावर ही भिंत जाते.

दुसरी गोष्ट न्यायाची. केळीच्या ओल्या, रुंद पानांआड खोल बसलेला एकच फोन बाकी पाचांना खाली ओढतो. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत (बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, वाटून देतात) पाणी कमी पडलं की सगळंच अर्धवट भिजवत नाहीत, एखादा फड पडीक ठेवतात. मीही तेच केलं: तो फोन या स्लॉटमधून (पाठवण्याच्या वेळेच्या तुकड्यातून) वगळून पुढच्या स्लॉटमध्ये घेतला. कायमचं वगळणं मला मान्य नाही. त्यापेक्षा त्याचं लक्ष्य वजन लावून कमी करावं.

लॅपटॉपवर सगळे चॅनल एकत्र असतात, टॉवरवर ते निरोपाने येतात. डेटा वाटून घ्यावा लागत नाही हे मोठं सुख, पण निरोपाला १० मिलिसेकंद लागले तर? चालणाऱ्याचा चॅनल सुमारे ७६ मिलिसेकंद टिकतो, ६० किमी वेगाच्या एसटीतला जेमतेम ४. शून्य तोवर भलतीकडे गेलेलं असतं. अशा फोनसाठी आपला चॅनल ताजा घेतो आणि शेजारच्या फोनांकडे सरासरी कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (सिग्नल बहुतेक वेळा कुठल्या दिशांनी पोचतो याचा सरासरी तक्ता) वापरतो. गणित कोनचंच राहतं. शून्य तेवढं खोल जात नाही, पण टिकतं.