बर्फ आधी पुसा

प्रयोगात बर्फाचा अप्रकट उष्मा (शून्य अंशांचा एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणारी उष्णता) 80 ऐवजी 75 कॅलरी प्रति ग्रॅम आला, तर सूत्राला दोष देऊ नका. बर्फ ओला होता. 15 ग्रॅम म्हणून टाकलेल्यात 1 ग्रॅम पाणीच असलं की नेमकी एवढी घट येते. खडे टिपकागदाने पुसा. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फही नको, तो शून्याच्या बराच खाली असतो.

खोली 28 अंश? मग तांब्याच्या कॅलरीमापीत (उष्णता मोजायच्या भांड्यात) 150 ग्रॅम पाणी 33 अंशांना घ्या, बर्फ टाकून ढवळत ढवळत 23 पर्यंत आणा. आधी खोलीत गेलेली उष्णता नंतर साधारण परत येते. बर्फाचं वजन शेवटी, भांड्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनाच्या वजाबाकीने. पावसाळ्यात मात्र भांड्याला बाहेरून दव धरतं आणि तेही तोललं जातं!