आमची वाटचाल : मासेमारीच्या होडीकडून शिडाच्या होडीकडे

आमच्या कारखान्याची सुरुवात फायबरच्या मासेमारी होड्यांपासून झाली. तिथला हिशेब सोपा : जाड तेवढं मजबूत. वाळूवर ओढली जाणारी, इंजिनाचे हादरे खाणारी होडी पाच किलो जड झाली तरी कुणी विचारत नाही. मुलांच्या शर्यतीच्या ऑप्टिमिस्ट होड्या हाती घेतल्यावर ही सवय मोडावी लागली. क्लार्क मिल्स यांनी 1947 साली फ्लोरिडात प्लायवूडसाठी आखलेली ही होडी जेमतेम 2.3 मीटर लांब. नियमाने वजन किमान 35 किलो, आणि त्यावरचा प्रत्येक किलो शर्यतीत त्या मुलालाच जड जातो.

फायबरच्या होडीचं वजन काचेच्या तंतूंनी कमी आणि त्यांना धरून घट्ट होणाऱ्या रेझिन या द्रवाने जास्त वाढतं. मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) स्वतःच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन पिते. विणलेलं रोव्हिंग (काचेच्या धाग्यांचं जाड कापड) साधारण बरोबरीचं. म्हणून आमच्याकडे मॅट आधी तराजूवर चढते आणि त्यावरून रेझिन मोजलं जातं. अंदाजाने ओतणं पूर्ण बंद केलं. कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, एक ते दोन टक्के, उन्हाळ्यात कमी. घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट आधीच रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं. ते आणि कॅटॅलिस्ट थेट एकत्र आले तर भडका उडतो. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

सगळ्यात जास्त होड्या जेलकोटने, म्हणजे साच्यात आधी लावायच्या बाहेरच्या रंगीत थराने, बिघडवल्या. थर अर्धा मिलिमीटर हवा. पातळ राहिला, किंवा पुरता धरण्याआधीच त्यावर मॅट मारली, की रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक आत शिरतं, जेलकोट फुगतो आणि मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. बोट लावून बघावं : चिकट लागलं पाहिजे, पण रंग बोटाला येता कामा नये.

कोकणातला पावसाळा हा दुसरा शत्रू. ओल धरलेल्या मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही, आणि होडी पाण्यात राहिली की पुढे पृष्ठभागावर फोड येतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नवा सांगाडा घेत नाही. साच्यांना मेण, पॉलिश, दुरुस्त्या चालतात. पाण्याखालच्या बाजूला पाण्याला जास्त टिकणारं आयसोफ्थॅलिक रेझिन वापरतो. महाग पडतं, पण त्यात काटकसर नाही.

गोव्यात बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या शिडाच्या होड्या पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, तेव्हापासून मोठ्या शिडाच्या होडीबद्दल विचारणा वाढली. तिच्या डेकमध्ये आम्ही पीव्हीसी फोम घालतो : वजन कमी, ताठपणा जास्त. मात्र डोलकाठीच्या तारांचा बोल्ट जिथून जातो तिथला फोम काढून सलग काच भरावीच लागते. नाहीतर बोल्ट आवळताना फोम चेपतो, बोल्ट सैल होतो आणि त्या भोकातून पाणी आत झिरपत राहतं.