रॉटवायलर विकणाऱ्याने आधी प्रश्न विचारायला हवेत

ताकदवान जातीचा कुत्रा कुणाला चावला की बातमीत दोघंच येतात, कुत्रा आणि मालक. ते पिल्लू कुणी विकलं, किती दिवसांचं असताना विकलं, घेणाऱ्याला कुत्रा पाळायची काही माहिती तरी होती का, हे कुणी विचारतच नाही. आमच्या घरी रॉटवायलर आहे, शेरा, 52 किलोचा, आणि त्याच्यामुळे या पिल्लांच्या धंद्याकडे मी फार जवळून बघतेय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

धंदा चालतो कसा, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडतो, खाली लिहिलेलं असतं हेवी बोन, चॅम्पियन लाईन, विथ पेपर (म्हणजे वंशावळीच्या कागदासह), फुल गार्ड डॉग. भाव कमीजास्त होतो, जीपेवर टोकन जातं आणि पिल्लू भोकं पाडलेल्या खोक्यातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतं. घरात लहान मुलं आहेत का, दिवसभर घरी कोण असतं, याआधी कुठला कुत्रा पाळलाय, एकही प्रश्न नाही. आणि पिल्लू कित्येकदा जेमतेम महिन्याचं असतं, कारण तेव्हा ते जास्त गोंडस दिसतं आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्चही वाचतो.

खरं तर 2017 पासून केंद्राचे डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, पिल्लू मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची बारीक चिप, लावूनच द्यायचं. यातली आठ आठवड्यांची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यात जास्त धाब्यावर बसवली जाते. पिल्लं एकमेकांशी खेळताना बघितलीत का कधी? एकाने दुसऱ्याचा कान जरा जोरात धरला की दुसरं किंचाळतं आणि उठून निघून जातं, खेळ बंद. चावणारं पिल्लू तसंच उभं राहतं दोन सेकंद, मग परत जातं आणि या वेळी हळू धरतं. जबडा किती जोरात दाबायचा हे कुत्रा असं शिकतो, आईकडून आणि भावंडांकडून. तिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाला हे कोण शिकवणार? लॅब्रॅडॉरच्या बाबतीत याने हातावर ओरखडे येतील, रॉटवायलरचा जबडा असेल तर टाके पडतील.

पिटबुलचं तर अजूनच वाईट आहे. जातिवंत कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारी केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) ही संस्था अमेरिकन पिटबुलची नोंदणीच करत नाही, म्हणजे 'केसीआय पेपरवाला पिटबुल' म्हणून जो कागद हातात ठेवतात तो सरळसरळ फसवणूक आहे. आईबाप कोण, त्यांचा स्वभाव कसा, कशाचीच खात्री नाही.

2022 च्या जुलैमध्ये लखनौला घरच्याच पिटबुलने 82 वर्षांच्या आजींचा जीव घेतला. 2024 च्या मे महिन्यात चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला चावून गंभीर जखमी केलं. ते वाचल्यावर शेराला बाहेर नेताना माझे हात थरथरत होते, आणि ते बरोबरच होतं, ही भीती मालकाला वाटलीच पाहिजे. त्याआधी त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी घाला असं पत्र राज्यांना पाठवलं होतं, एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने संबंधितांशी चर्चाच केली नाही म्हणून ते रद्द केलं. मला विचाराल तर नुसती जातींची यादी करून काही होणार नाही, उद्या तोच विक्रेता यादीत नसलेली क्रॉस जात विकेल. विकणाऱ्याचं लायसन्स तपासा, चिपचा नंबर विक्रेत्याच्या नावाशी जोडा, आणि कुत्रा चावला तर चौकशीला विक्रेत्यालाही बोलवा.

मालक मात्र यातून सुटत नाही. जनावर सांभाळताना निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या 291 कलमाखाली सहा महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कलम दूरची गोष्ट, रोजचं जे आहे ते जास्त कठीण आहे. शेराच्या गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला वेगवेगळी लीश, कारण एक हूक तुटला तरी दुसरा हवा. तोंडाला बास्केट मझल, म्हणजे जाळीची मुसकी, ज्यात त्याला जीभ काढून धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येतं, आणि ते घालायची सवय पनीरचे तुकडे आत ठेवून ठेवून लावलीय. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर "काकू, तुम्ही जा पुढे, आम्ही नंतर येतो." शेरा गरीब आहे हे मला माहितीये पण काकूंना ते माहीत असायची काहीच गरज नाही. "आमचा काही करत नाही हो" म्हणत मोकळं सोडणाऱ्या मालकांचा मला मनापासून राग येतो.

आणि कुत्रा गुरगुरला की त्याला फटका मारणारे. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की मला आता सहन होत नाहीये, लांब व्हा. ते मारून बंद केलंत की पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. लहान मूल आणि मोठा कुत्रा खोलीत दोघंच, हे तर कधीच नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही. रेबीजची लस दर वर्षी, कार्ड फोनमध्ये, आणि तरीही दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं, हळद-चुना काही लावायचं नाही.

दीड-दोन वर्षांचा झाला, ओढायला लागला, पाहुण्यांवर भुंकायला लागला की बरेच जण अशा कुत्र्याला गावच्या फार्महाऊसवर नेऊन साखळीला बांधतात. दिवसभर बांधलेला, माणसांची सवय तुटलेला कुत्रा ज्या दिवशी साखळी तोडेल त्या दिवशी समोर वॉचमनचं पोर असेल. तुमच्याकडे असा कुत्रा असेल तर आधी व्हेटकडे न्या, कारण अचानक अंगावर येणाऱ्या कुत्र्याचं बऱ्याचदा काहीतरी दुखत असतं, मग न मारता शिकवणारा ट्रेनर शोधा, आणि दुसऱ्याला द्यायचाच असेल तर तो कधी कुणावर गेला होता हे लपवू नका. माझ्याकडे पिल्लासाठी चौकशी येते तेव्हा मी एवढंच सांगते की आधी ब्रीडरकडे जाऊन पिल्लाची आई बघा, तिच्या जवळ बसा, आणि तो आई दाखवायला तयार नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.